सात नंबरवरचं नाव

पुंता गाविओता
४ मार्च २०२४

कमांडर साहेब,

सलाम. बसूनच करतो आहे, कारण गुडघा ऐकत नाही आणि तुम्हाला इथून दिसत नाही.

मी अन्सेल्मो रिदोल्फी. ब्याऐंशीच्या युद्धातला तुमचा नंबर दोन. तुम्ही मला 'कवी' म्हणायचात, आणि ते काही कौतुकानं नव्हतं. पदकं वाटली त्या दिवशी आपण एकमेकांना शेवटचं पाहिलं. तुमच्या छातीवर शौर्यपदक लागलं, माझ्या वाट्याला सगळ्यांना मिळालेलं साधं बिल्ल्याएवढं पदक आलं. आपण कडक सलाम ठोकले आणि पाठी फिरवल्या. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. तुमचा पत्ता मला आपल्या निवृत्त वैमानिकांच्या संघातून मिळाला. चोएले चोएलला नासपतीची बाग केली आहे म्हणे तुम्ही. आयुष्य जहाजाच्या डेकवर काढलेला माणूस समुद्रापासून इतका लांब जाऊन का बसला, हा माझा पहिला प्रश्न. पुढे आणखी आहेत. निवृत्त शिक्षकाजवळ दुसरं असतं काय?

पण आधी काम. आपलं सात नंबरचं विमान सापडलं.

आपल्या जुन्या तळाच्या मागच्या कुंपणाशी पडलं होतं. पंख काढलेले, सीटमध्ये कबुतरांचा संसार. आमच्या नगरपालिकेनं ते मागून घेतलं आणि दोन एप्रिलला, आम्हा माजी सैनिकांच्या दिवशी, किनाऱ्यावरच्या चौकात खांबावर चढवायचं ठरवलं. रंगाचं काम चिचे पेराल्ताकडे. चिचे एरवी मासेमारीच्या बोटी रंगवतो. जुन्या रंगावर नवा रंग फासणं त्याला पाप वाटतं, म्हणून त्यानं काचेच्या झाकणाखालची नावाची जागा पातीनं थर थर खरवडायला घेतली. रोज संध्याकाळी चौकातून जाताना मला हाक मारायचा, "प्रोफेसर, आज शहाऐंशी सालात पोचलो! उद्या चौऱ्याऐंशीत उतरतो!" आणि गेल्या मंगळवारी हातातली पाती तशीच घेऊन माझ्या दारात. "प्रोफेसर, ब्याऐंशी लागलं! आणि ब्याऐंशीत तुम्हीच आहात की हो!"

मी गेलो. पांढऱ्या अक्षरांत, जशीच्या तशी: लेफ्टनंट अ. रिदोल्फी. शेजारी बोटाएवढं पांढरं जहाज.

नाव माझं, शेजारी बुडवलेलं जहाज. गावानं बेरीज केली. बेकरीवाला तितो माझ्याकडून मेदियालुनांचे, त्या चंद्रकोरी गोड पावांचे, पैसे घेत नाही. शाळेतल्या मुली रस्ता ओलांडून येऊन गालाचा मुका घेतात. आणि मी? मी त्या वेळी चष्मा पुसत होतो, साहेब. माणूस चष्मा पुसत असला की लोक त्याला भरून आलंय असं समजतात आणि प्रश्न विचारत नाहीत.

त्या दिवशी त्या विमानात मी नव्हतो, तुम्ही होतात, हे या गावात फक्त मला आणि डेल्फिनाला ठाऊक आहे. डेल्फिना माझी बायको. तुम्ही तिला एकदा पाहिलं होतं, पोट पुढे आलेलं. ती काल म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा! बस फणा काढून चौकात. पावसात भिजशील तेव्हा छत्री घेऊन मी यायची नाही."

नगरपालिकेच्या संस्कृती खात्याच्या नेलिदाबाई खाली बसवायच्या पितळी पाटीचा मजकूर बावीस तारखेला ओतकामाला देणार आहेत. 'शत्रूचे जहाज भेदणारा आमचा वीर' असा. तोवर मला सांगा: नाव कुणाचं राहू देऊ? तुम्ही तुमचं म्हणालात तर मी स्वतः जाऊन सांगेन. तुमचं उत्तर नाही आलं, तर... तर मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मला गेले चार दिवस बरं वाटत आहे, हेही लिहून टाकतो.

आता दुसरी गोष्ट. ती केवळ कुतूहल म्हणून विचारतो, मनावर घेऊ नका.

त्या सकाळी रिओ ग्रांदेच्या धावपट्टीवर आपण तिघे होतो. तुम्ही, मी आणि तिसरा रामिरो बासुआल्दो, आपला काडी. इंजिनं सुरू झाली. मग तुम्ही तुमच्या विमानातून उतरलात, माझ्या शिडीवर चढलात, काच ठोकलीत आणि अंगठ्यानं खूण केलीत: उतर. नियम मला पाठ होता. तुकडीच्या पुढाऱ्याचं विमान बिघडलं तर तो नंबर दोनचं घेतो आणि नंबर दोन जमिनीवर राहतो. मी उतरलो. माझ्या नावाच्या विमानातून तुम्ही गेलात. काडी तुमच्याबरोबर गेला आणि आला नाही. तुम्ही आलात. नंतर मेकॅनिक म्हणाले, कमांडरचा रेडिओ मेला होता.

पण साहेब, मेला कुठे होता? उतरण्याआधी तुमचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता. हजेरी घेत होतात. मी 'दोन' म्हणालो, काडी 'तीन' म्हणाला. तुम्ही पुन्हा हजेरी घेतलीत. मी पुन्हा 'दोन' म्हणालो. तिसऱ्यांदा तर ओरडून म्हणालो.

मग तुम्ही मला का उतरवलंत?

तुमचा,
अन्सेल्मो


१३ मार्च

कमांडर साहेब,

माझंच पत्र मला परत! समासात तुमची लाल पेन्सिल! पाकीट उघडल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अठ्ठावीस वर्षांचा झालो. उड्डाणाचे अहवाल तुम्ही असेच परत करायचात. माझ्या एका अहवालात मी ढगांना मेंढरं म्हटलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलं होतं, 'मेंढरांची उंची किती?'

डेल्फिनाला सगळे शेरे वाचून दाखवले. चष्म्याच्या वाक्यापुढे: 'लांबण.' नासपतीपुढे: 'नासपती परत येतात. दर वर्षी.' ज्या ठिकाणी मी मनावर घेऊ नका म्हणालो आहे तिथे: 'मग लिहिलंस कशाला?' नाव कुणाचं, या प्रश्नापुढे काहीच नाही. आणि शेवटच्या प्रश्नाखाली, तुमच्या सहीसकट, चार शब्द: 'रेडिओ बंद होता. एचेबार्ने.'

डेल्फिना पीठ मळत होती. म्हणाली, "आलं ना उत्तर? आता जेवायला बस."

"हे उत्तर नाही. मी कानांनी ऐकलं होतं."

"तुझे कान! काल दूधवाल्याची हाक ऐकू आली नाही."

साहेब, मला चार शब्दांवर सोडू नका. ही गोष्ट मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलो आहे. सुरुवातीची दहा-बारा वर्षं मला खात्री होती की तुम्हाला पदक हवं होतं. तुमच्याजवळ सगळं होतं. डेकवर सगळ्यांत जास्त वेळा उतरलेला माणूस म्हणून सोन्याचा बिल्ला होता, आम्हा सगळ्यांना त्या हलत्या डेकवरच्या तारेत हूक अडकवायला तुम्ही शिकवलं होतंत. फक्त लढाई नव्हती. आणि ती तर मे महिन्याच्या सुरुवातीला हातची गेली होती. आठवते ना ती पहाट? विमानवाहू जहाजावर आपण बॉम्ब लावून तयार, इंग्रजांची जहाजं पुढ्यात, आणि वारा पडला. दक्षिण अटलांटिकवर वारा नाही! जिथे टोपी सोडली तर ती आफ्रिकेत सापडते, तिथे समुद्र ताटात वाढलेल्या सुपासारखा. समोरून वारा नसेल तर बॉम्ब लादलेलं विमान डेकवरून उठत नाही. सगळे शिव्या देत होते. मी तेवढा कठड्याला टेकून तिसरीच्या पुस्तकातली कविता म्हणत होतो:

वाऱ्या वाऱ्या, दार उघड,
निळ्या घराची कडी काढ,
पांढरं पाखरू उभं अंगणी,
त्याला आभाळ थोडं वाढ.

तुम्ही मागे येऊन उभे होतात. म्हणालात, "कवी, देवाला विनवायचंच असेल तर वेग मोजून विनव. पंधरा नॉटचा वारा पाहिजे." मी आजवर ठरवू शकलेलो नाही की तुम्ही थट्टा करत होतात की खरंच मागत होतात.

म्हणून मला वाटायचं, तुम्ही माझं विमान ओरबाडलंत. मग माझी मुलगी मोठी झाली, मी शाळेत कविता शिकवू लागलो, आणि डोक्यात दुसरीच कथा उगवली. डेल्फिनाचं पोट तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही मला वाचवलंत. रेडिओचं निमित्त केलंत आणि माझ्या वाट्याचं मरण स्वतः पाठीवर घेतलंत. ही कथा मला फार आवडली, साहेब. तिच्यात तुम्ही इतके थोर होतात की मला तुम्हाला पत्र लिहायचं धाडसच होईना.

तिसरीही एक आहे. ती म्हणजे मी वाईट वैमानिक होतो आणि तुम्हाला ते माहीत होतं. ती मी सहसा बाहेर काढत नाही.

यांपैकी कुठली?

इकडे नेलिदाबाई घरी येऊन गेल्या. फोटो काढायला पदकं मागत होत्या. मी माझं एकुलतं एक काढून दिलं. त्यांनी उलटंपालटं केलं. "प्रोफेसर, हे तर माझ्या आतेभावालाही मिळालं. तो तिकडे स्वयंपाकी होता. शौर्याचं कुठंय?"

"ते माझ्याकडे नाही."

"हरवलंत? अगोबाई! लिहून देऊ का वर? दुसरं मागवू."

बघा, खोटं बोलायचीही गरज पडत नाही. माणसं स्वतःच रिकाम्या जागा भरतात, पाचवीच्या पेपरासारख्या. मी म्हणालो, "बघू." हा शब्द मला नंतर दिवसभर टोचत राहिला. बावीस तारीख जवळ येते आहे.

तुम्हाला शौर्यपदक मिळालं ते कुठे आहे? हेही कुतूहल.

अन्सेल्मो


२१ मार्च

कमांडर साहेब,

तुमचा दुसरा लिफाफा परवा आला. या वेळी समास पुरला नाही म्हणून तुम्ही पाठीमागेही लिहिलंत. तुमच्या हातून इतके शब्द मी एकत्र कधी पाहिले नव्हते.

माझ्या तिन्ही कथांवर आडवी काट. खाली: 'रेडिओतून बोलणं जात होतं. ऐकू येत नव्हतं. तू मला ऐकलंस, मी तुला नाही. तीनदा हजेरी घेतली. कुणीच नाही. मग कानाला हात लावून दाखवलं. काडीनं पाहिलं. तू वर बघत होतास.'

वर बघत होतो.

साहेब, मी ते तीनदा वाचलं आणि खुर्ची ओढून बसलो. बोलणं जातं, ऐकणं येत नाही. हा बिघाड आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. त्याची खूणही शिकवली होती. तो मी स्वतः परीक्षेत लिहिला होता. आणि बेचाळीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आला नाही! मेकॅनिकला विचारायचं सुचलं नाही, काडी उरला नव्हता, आणि तुम्हाला विचारायची लाज वाटली. राग आला की माणसाला कारण लागत नाही, ते त्याच्याकडे आधीच असतं.

वर बघत होतो ते मला आठवतं. एक पेट्रेल पक्षी वाऱ्यात एकाच जागी टांगल्यासारखा उभा होता. पंख न हलवता. मला वाटलं, शुभशकुन.

डेल्फिनाला वाचून दाखवलं तर ती आधी हसली. इतकी हसली की एप्रन तोंडाला लावला. "म्हणजे तो माणूस घसा फोडून तुला हाका मारत होता, आणि तू तिकडे चिमण्या बघत होतास?" मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तिला कळलं असावं. माझ्याकडे एक खलनायक होता आणि एक तारणहार होता, एका लिफाफ्यात दोघंही गेले. उरला एक बिघडलेला रेडिओ. इतक्या साध्या गोष्टीवर मी जिवंत आहे, माझी मुलगी आहे, नातवंडं आहेत. कवितेत असं चालत नाही, साहेब. कवितेत कुणीतरी हे ठरवलेलं असतं.

मागच्या बाजूला तुम्ही पदकाचं लिहिलंत. तेही साधंच, पण ते मी डेल्फिनाला वाचून दाखवू शकलो नाही. तिच्या हातात कागद दिला. 'पदक काडीच्या आईकडे नेलं होतं. तिनं टेबलावर ठेवलं, पाहिलं, परत दिलं. म्हणाली, मला सरकारनं एक दिलंय. एकही नको होतं, दोन कुठे ठेवू? पुढच्या वर्षी नोकरी सोडली. पदक शेडमध्ये आहे. कात्र्यांच्या खणात.'

आणि त्याखाली: 'जहाज माझं नाही. माझा बॉम्ब पाण्यात पडला. लागला तो काडीचा. अहवालात मी तसंच लिहिलं होतं. पुढाऱ्याला पदक, मेलेल्याला मेल्याचं पदक, हा वरचा हिशोब. परत आलेलं विमान एकच, म्हणून मेकॅनिक पोरांनी त्यावर जहाज काढलं. नावाचं तू ठरव. मी आता कुणाचा कमांडर नाही.'

हुकूम दिला असतात तर सोपं गेलं असतं.

काल सकाळी नेलिदाबाईंच्या कचेरीत गेलो. त्या कुणाला तरी फोनवर झेंडूची फुलं नकोत म्हणून सांगत होत्या. मी टोपी काढून उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी त्या विमानात मी नव्हतो."

त्यांनी फोन छातीशी धरला. "म्हणजे?"

सांगितलं. विमानाची अदलाबदल, रेडिओ, काडी, जहाज. पक्षी सोडून सगळं.

"प्रोफेसर, शाळेच्या मुलांनी तुमच्यावर गाणं बसवलंय! तुमचं नाव 'कीर्ती'शी जुळवताना संगीताच्या बाईंना आठवडा लागलाय!"

"दुसरं जुळवा."

"कुणाचं? त्या एचेबार्नेंचं?"

"त्यांना नको आहे."

"मग काय, विमानाला वाली नाही?" त्या उठून खिडकीशी गेल्या. रागानं नव्हे. त्यांना खरंच प्रश्न पडला होता, आणि त्या क्षणी मला त्या आवडल्या. "नाव असलेला गेला नाही, गेलेल्याला नाव नको, आणि ज्यानं जहाज भेदलं त्याचं हे विमानच नाही. मी पाटीवर लिहू तरी काय?"

आम्ही दोघं चिचेच्या शेडमध्ये गेलो. चिचेनं ऐकून घेतलं आणि पाती खाली ठेवली. "मी सांगतो. ब्याऐंशीत जे सापडलं ते सापडलं. नाव रिदोल्फी, शेजारी जहाज. मी खरवडतो, इतिहास लिहीत नाही."

"चिचे," मी म्हणालो, "माझं नाव काढ. जहाज ठेव. आणि माझ्या जागी लिही: लेफ्टनंट रामिरो बासुआल्दो."

"ह्या विमानाशी त्याचा काय संबंध? त्याचं नऊ नंबर होतं म्हणता ना?"

"नऊ नंबर समुद्राच्या तळाशी आहे. तिथे जाऊन रंगवणार आहेस?"

चिचेनं पाती उचलून पँटला पुसली. मग ती माझ्याच हातात दिली. "तुमचं नाव मी काढणार नाही. तुम्ही काढा."

काढलं, साहेब. रंग कोवळा नव्हता, मेकॅनिकांनी चांगला लावला होता. 'अ' सगळ्यात शेवटी गेला. नातवाला शनिवारी दाखवायला आणणार होतो. आता त्याला काय सांगायचं ते ठरवतो आहे. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. चोरी झालेल्या घरात बसल्यासारखं वाटलं, आणि चोरही मीच.

आज बेकरीत तितोनं मेदियालुना बांधून दिल्या आणि हात पुढे केला. "प्रोफेसर, पैसे."

दोन तारखेला या. सकाळी अकराला. बस आदल्या रात्री निघते, मी चौकशी केली आहे.

अन्सेल्मो


४ एप्रिल

कमांडर साहेब,

नासपतींची पेटी डेल्फिनानं उघडली. एकही दबलेली नाही. ती म्हणते, ज्या माणसानं रात्रभर बसमध्ये मांडीवर पेटी धरली, त्याच्याबद्दल मी तुला पूर्वी जे जे बोलू दिलं ते सगळं परत घेते.

तुम्ही मासळीच्या गाडीमागे उभे होतात, तपकिरी स्वेटरमध्ये, छातीवर काही न लावता. म्हणून सुरुवातीचं तुम्हाला दिसलं नसेल. कापड ओढलं आणि रामिरोचं नाव दिसलं तेव्हा पुढच्या रांगेत कुजबुज झाली. निम्म्या गावाला माझ्या नावाची सवय झाली होती. नेलिदाबाईंनी माईक माझ्या हातात दिला. मी भाषण लिहून नेलं होतं, त्यात वारा होता, निळं घर होतं. ते खिशातच राहिलं. मी एवढंच म्हणालो की हे विमान माझं होतं, मी त्यात नव्हतो, ज्याचं नाव आहे तोही त्यात नव्हता, पण जहाज त्याचंच आहे.

तेवढ्यात तितो. त्याला हळू बोलता येत नाही, पाव भाजून भाजून ऐकू कमी येतं. "अरे मग तू काय करत होतास त्या दिवशी?"

लोक हसले. मीही हसलो असतो. पण तोंडातून निघालं, "वाट बघत होतो."

मग कुणी हसलं नाही. संगीताच्या बाईंनी मुलांना खूण केली आणि गाणं सुरू झालं. त्यांना 'बासुआल्दो'शी काहीच जुळवता आलं नव्हतं, म्हणून त्या जागी मुलांनी नुसती टाळी वाजवली. ती मला साऱ्या गाण्यात चांगली वाटली.

तुम्ही तिथे टोपी काढून उभे राहिलात ते मी पाहिलं. भेटल्यावर माझा हात धरलात आणि म्हणालात, "जाडा झालास." घरी आलात, मातेचा कडू चहा घेतलात, डेल्फिनाला माझ्या गुडघ्यासाठी कसला तरी पाला सांगितलात, विमानाबद्दल एक अवाक्षर नाही. मी ठरवलं होतं, आता विचारायचं नाही. सगळे प्रश्न संपले होते.

आणि बस स्टँडवर, ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा, पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही वळलात.

"कवी. तू कुठे उभा होतास?"

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी. आम्ही गेल्यावर. कुठे उभा होतास तू?"

बेचाळीस वर्षांत तुम्ही मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न, साहेब. मी हातानं काहीतरी दाखवू लागलो, इकडे, असा, वाऱ्याच्या बाजूला. ड्रायव्हर ओरडला, "आजोबा, चढा तरी नाहीतर उतरा तरी!" दार लागलं. तुम्ही काचेतून बघत होतात आणि मी स्टँडवर हात पसरून उभा.

म्हणून हे पत्र. मी कुठे उभा होतो ते सांगतो.

धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला वाळूची पिंपं होती, तुम्हाला आठवत असतील. त्यांच्या आडोशाला. हेल्मेट डोक्यावरच होतं, पट्टेही सोडले नव्हते, जणू कुणी परत बोलावणार होतं. तुम्ही दोघं उडालात तेव्हा तुमच्या विमानाच्या पोटाखालचा बॉम्ब मला दिसला, आणि त्यावर पोरांनी खडूनं काढलेलं माझं चित्र, गिटार घेतलेलं. मी त्यांच्यावर चिडलो होतो त्यावरून. जेवायला हाक आली, मी गेलो नाही. एका मेकॅनिकनं येऊन न बोलता थर्मास ठेवला. जमीन इतकी गोठली होती की बूट वाजत होते, म्हणून मी हललो नाही. वाऱ्यात आवाज ऐकू यायचा तर एकदम यायचा, नाहीतर नाहीच. किती तरी वेळा मला इंजिन ऐकू आलं. वाराच होता. एकदा ट्रक होता.

मग खरंच ऐकू आलं. समुद्राच्या बाजूनं, खालून. मी पिंपावर चढलो. आधी एक ठिपका, मग ठिपक्याला पंख. मी त्याच्या मागे दुसरा शोधला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शोधला. दुसरा नव्हता. एकच विमान होतं.

ते सात होतं की नऊ, ते त्या अंतरावरून कळत नव्हतं. आकडा वाचता येईपर्यंत ते जवळ यायचं होतं, आणि ते सावकाश येत होतं, इंधन संपत आलेलं विमान येतं तसं. तेवढ्या वेळात ते तुमचंही होतं आणि काडीचंही. तेवढ्या वेळात तुम्ही दोघंही परत आलेले होतात.

मी तिथे उभा होतो, साहेब.

तुमचा नंबर दोन,
अन्सेल्मो